मागच्या दाराचं कुलूप

या सदरातले अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मला हसू येतं. पैंजणं, पांढरी साडी, उलटे पाय... इतक्या वर्षांत भुतांनी एकदाही फॅशन बदललेली नाही. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. भूत-बित असलं काही आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. तरुणपणी मी सायकलवर स्मशानाच्या कडेने एकटी यायचे, अंधार पडला तरी. आजही लिंबू-मिरची ओलांडून जाते आणि सून मागून ओरडते. तेव्हा मी भोळी आहे, असं समजून पुढचं वाचू नका. भोळी असते तर केव्हाच काहीतरी मानून मोकळी झाले असते.

गोष्ट नगरची. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. साल बहात्तरच्या दुष्काळाचं, दिवस पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाचे. मी तेव्हा विशीत होते, लग्न व्हायचं होतं. सावेडीला राहायचो. आज इथे फ्लॅट आणि बंगल्यांची दाटी झालीय, तेव्हा मळे होते, विहिरी होत्या आणि त्या वर्षी त्या विहिरींत नुसते दगड दिसत होते. मनमाड रोडला एक रेडिओचा कारखाना होता. नाव लिहीत नाही, मालकांची नातवंडं नगरातच आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. मी तिथे असेंब्लीला होते. आम्ही पंधरा-वीस मुली, बायका एका लांब हॉलमध्ये बसून ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायचो. आजच्या भाषेत ती 'टेक कंपनी'च! मॅट्रिक झालेली मुलगी हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन बसते, याचंच लोकांना तेव्हा केवढं अप्रूप होतं.

कारखाना काढला अण्णांनी. लष्करात वायरलेसवर होते, निवृत्त झाल्यावर घरच्या ओसरीवर रेडिओ दुरुस्त करता करता त्यांनी हे सगळं उभं केलं. उंच, वाळकुडा माणूस, बोलणं कमी. त्यांचा एक नेम होता. सोल्डरमध्ये शिसं असतं आणि शिसं पोटात गेलेलं वाईट, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीला ते स्वतः हॉलच्या मागच्या दाराशी यायचे, चौकटीवर बोटातल्या अंगठीने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "चला पोरींनो, हात धुवा."

मग आयर्न स्टँडवर ठेवायची, स्टूल टेबलाखाली सरकवायचं आणि रांगेने मागच्या दारातून बाहेर पडायचं. बाहेर लिंबाच्या सावलीत हौद, त्याला नळ आणि लाल साबण. सगळ्यांचे हात धुऊन होईपर्यंत अण्णा तिथे उभे. कुणी नुसतं पाण्याखाली हात धरून पळायला लागली की म्हणायचे, "नखं राहिली." आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. मालक आहे की शाळेतली बाई, असं म्हणून खिदळायचो. पण घरीसुद्धा 'हात धुवा' ऐकलं की पाय आपोआप उठायचे, इतकी ती सवय अंगात मुरली होती.

दुष्काळाच्या आधीच्या वर्षी अण्णा गेले. झोपेतच गेले. आम्ही सगळ्या जणी त्यांच्या अंत्यदर्शनाला गेलो होतो. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

त्यांच्यामागे छोटे साहेब आले. त्यांचे चिरंजीव. मुंबईला मॅनेजमेंटचा कुठलासा कोर्स केलेले, रुमालाला अत्तर लावणारे. माणूस दुष्ट होता, असं मी म्हणणार नाही. पण त्यांना रेडिओतलं काही कळत नव्हतं आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नव्हतं. आल्या आल्या त्यांनी मॉडेलचं नाव बदललं. मग रंग बदलला. मग आतले पार्ट बदलले, कुठूनतरी आणलेले, आणि आमचे फोरमन बापूराव "साहेब, हे पार्ट टिकणार नाहीत" म्हणाले, तर साहेबांनी त्यांना 'निगेटिव्ह थिंकिंग' या विषयावर भाषण दिलं. बापूराव बिचारे नंतर आम्हाला विचारत होते, निगेटिव्ह वायरशी याचा काय संबंध म्हणून.

झालं ते असं की चार-सहा महिन्यांत रेडिओ परत यायला लागले. राहुरीहून, श्रीरामपूरहून, जामखेडहून. कुणाचा घरघरतोय, कुणाचा मुकाच. परत आलेला माल ठेवायला जागा नाही, म्हणून तो हॉलच्या पुढच्या दाराच्या बोळात रचायला लागले. पुठ्ठे, कागद, पेंढा, त्यावर आणखी पुठ्ठे. बोळातून जाताना आडवं होऊन जावं लागे. आणि साहेबांना काळजी कशाची? तर केबिनमध्ये उकडतंय याची. त्यांनी केबिनला भलामोठा कूलर बसवला आणि त्याची वायर त्याच बोळातून, त्या पुठ्ठ्यांच्या वरून ओढली. अण्णा असते तर वायर ओढणाऱ्याला तिथेच उभा-आडवा घेतला असता. माझा संताप अजून जात नाही.

हात धुणं तर बंदच पडलं होतं. दुष्काळात कारखान्याची विहीर आटली. पिण्यापुरतं पाणी टँकरने यायचं, पिंपात. मागचा हौद कोरडा पडून त्यात लिंबाचा पाला साचलेला. साहेब म्हणाले, "फडक्याला हात पुसा आणि जेवा." आम्ही तेच करायचो. भाकरीला सोल्डरचा वास यायचा.

आता कौसल्या. ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. माहेर शनिशिंगणापूरचं. तिचा नवरा दुष्काळामुळे गाव सोडून नगरला एका मोटार गॅरेजात कामाला लागला, तशी तीही इथे आली. काळी, ठेंगणीठुसकी, मोठ्याने हसणारी. तिला त्या वेळी सातवा महिना होता. आधी दोनदा दिवस राहून गेले होते आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या वेळी जपा, नाहीतर पुढे आशा ठेवू नका. तिच्या टेबलाच्या खणात आम्ही सगळ्या चिंच, आवळे, शेंगदाणे असं काय काय आणून टाकायचो. ते बाळ तिचं एकटीचं राहिलंच नव्हतं. सगळ्या हॉलने ते वाढवायला घेतलं होतं म्हणा ना.

आणि अशात साहेबांनी मागच्या दाराला कुलूप लावलं.

कारण काय, तर स्टोअरमध्ये ट्रान्झिस्टर कमी भरले. खरेदीचा घोळ त्यांचा स्वतःचा. पण त्यांनी ठरवलं, बायका पार्ट पदरात बांधून मागच्या दाराने नेतात. बाहेरून मोठं पितळी कुलूप. किल्ली वॉचमन महादूकडेसुद्धा दिली नाही. महादूवरही विश्वास नाही! ती साहेबांच्या खिशात. खिडक्यांना तर गज होतेच. आता जायचा-यायचा रस्ता एकच, त्या पुठ्ठ्यांच्या बोळातून.

कौसल्याचं त्या दिवसापासून कामात लक्ष लागेना. सारखी मान वळवून दाराकडे बघायची. मी म्हटलं, "काय गं, काय झालं?"

"जीव गुदमरतोय बाई माजा," ती म्हणाली. "आमच्याकडं घराला दारच नसतंय. नुसती चौकट. मी लगीन हुईस्तवर कुलूप हातात धरलं न्हाई कधी. आन् ह्ये बाहेरून लावलंया. आमी काय जनावरं हाय का?"

शेवटी मी तिला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हटलं, "साहेब, हिची अशी अवस्था आहे. निदान दिवसा ते दार उघडं असू द्या. हवं तर महादूला तिथे बसवा."

साहेब हसले. "सुमनबाई, कारखाना आहे हा, धर्मशाळा नाही. डिसिप्लिन नको का?"

कौसल्या पदर सावरून म्हणाली, "सायेब, अण्णा असते तर त्यांनी न्हाई लावलं असतं कुलूप. मला सवय न्हाई त्याची. आमच्या गावाला दारं नसत्यात."

"म्हणूनच तर तुमच्यासाठी लावावं लागतं," साहेब म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी कूलर वाढवला. कौसल्या बाहेर आल्यावर मात्र पोटावर हात ठेवून रडली. मीही रडले, रागाने.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलं. सकाळीच साहेब गाडी घेऊन पुण्याला गेले, किल्ली अर्थातच त्यांच्याबरोबर. जाताना कूलर बंद करायचं राहिलं. हॉलमध्ये नेहमीचं काम चाललेलं. बापूराव आणि पुरुष मंडळी पलीकडच्या शेडमध्ये, टेस्टिंगला. जेवणाच्या सुट्टीला अजून बराच अवकाश होता, कारण मला भूक लागलेली नव्हती आणि माझ्या पोटाचं घड्याळ कधी चुकत नाही. कौसल्या डोहाळजेवणाच्या साडीबद्दल काहीतरी सांगत होती. हिरवी घ्यायची की मोरपिशी.

टक, टक.

चौकटीवर अंगठीचा आवाज. मग, नेहमीसारखं... "चला पोरींनो, हात धुवा."

इथे मला नीट सांगायचंय, कारण लोक इथेच गडबड करतात. मी दचकले नाही. कुणीच दचकलं नाही. अंगावर काटा नाही, थंड वारा नाही, काही नाही. इतकं साधं होतं ते. अण्णा वारलेत, हे त्या वेळी मनात आलंच नाही. आई घरातून जेवायला हाक मारते तेव्हा आपण विचार करतो का? मी आयर्न स्टँडवर ठेवली. स्टूल सरकवलं. कौसल्याला हाताला धरून उठवलं. आम्ही रांगेने चालायला लागलो. पुढे सगळ्या, मग मी, माझ्यामागे कौसल्या. मी पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत होते, वेणीला अबोली होती. मग ऊन डोळ्यावर आलं. लिंबाची सावली. मी हात धुतले. नखंसुद्धा.

आणि मग मागे कुणीतरी किंचाळलं.

वळून पाहिलं तर हॉलच्या पुढच्या बाजूने काळा धूर. बोळ पेटला होता. परत आलेले ते सगळे रेडिओ, पेंढा, पुठ्ठे... आग अशी आत शिरली की बघता बघता पुढच्या निम्म्या हॉलचे पत्रे तडतडून फुटायला लागले. आम्ही हौदापाशी एकमेकींना धरून उभ्या. कौसल्या माझ्या खांद्याला घट्ट धरून होती आणि मी पुन्हा पुन्हा सगळ्यांची तोंडं बघत होते. सगळ्या होत्या. एकही आत राहिली नव्हती.

बापूराव पलीकडून पहार घेऊन धावत आले, मागून पुरुष मंडळी, महादू. बापूरावांचं तोंड पांढरंफटक. ते हॉलला वळसा घालून मागच्या दाराकडे धावले आणि आम्हाला बघून जागच्या जागी थांबले.

"तुम्ही... कुठून आलात?"

मी म्हटलं, "दारातून. कुठून येणार?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. मी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दार बंद होतं. कडी घातलेली आणि कडीला ते पितळी कुलूप, लावलेलं. महादू पुढे झाला, कुलूप ओढून बघितलं, हिसडून बघितलं. "म्याच लावलं हुतं सायबांफुडं," तो पुटपुटला. "किल्ली त्यांनी घेतली."

पुढच्या बोळातून कुणी आलं असेल म्हणावं तर तिथे ज्वाळा. खिडक्यांचे गज तसेच्या तसे.

तेवढ्यात नगरपालिकेचा बंब आला. पुढून आत शिरणं शक्य नव्हतं, त्यांनी मागून जायचं ठरवलं. आणि त्यासाठी त्यांना ते कुलूप तोडावं लागलं. बापूरावांच्याच पहारेने. सहज तुटलं नाही. दोघांनी घाव घातले, तेव्हा कडीसकट निघालं. घावांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जे दार दोन धट्टेकट्टे पुरुष घाम गाळून उघडत होते, त्यातून आम्ही सगळ्या, एक सात महिन्यांची गरोदर बाई धरून, कुणाला धक्काही न लागता बाहेर आलो होतो.

आग विझल्यावर मी बापूरावांबरोबर मागच्या दारातून आत डोकावले. पुढचा भाग जळून खाक. मागची काही टेबलं वाचली होती. त्या टेबलांवर आयर्न नीट स्टँडवर ठेवलेल्या. स्टुलं टेबलाखाली सरकवलेली. आगीतून पळणाऱ्या बायका स्टुलं सरकवत नाहीत.

बापूराव बाहेर येऊन हौदापाशी गेले आणि त्यांनी नळ फिरवला. फुस्स करून जरा हवा आली, बस्स. हौदात लिंबाचा पाला, वाळून कुरकुरीत झालेला. ते माझ्याकडे वळले आणि माझे हात त्यांनी आपल्या हातात घेतले. वडिलांच्या वयाचा माणूस, कधी बायकांशी मान वर करून बोलला नव्हता.

माझे हात अजूनही ओले होते. मनगटापर्यंत. आणि त्यांना लाल साबणाचा वास येत होता.

त्यानंतर कारखाना उभा राहिला नाही. साहेब संध्याकाळी पुण्याहून आले, ते बराच वेळ त्या तुटलेल्या कुलपाकडे बघत बसले होते. खिशातून किल्ली काढून त्यांनी बापूरावांच्या पुढे धरली. "माझ्याकडेच होती हो," एवढंच म्हणाले. त्या एका दिवसात ते म्हातारे दिसायला लागले होते. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

माझ्या वडिलांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घाबरलेल्या माणसाच्या स्मृतीत गोंधळ होतो. तुम्ही खिडकीतून निघाला असाल." मी म्हटलं, गज? ते म्हणाले, मग कुणाकडे दुसरी किल्ली असेल. असेल. पण मग उघडून परत कुलूप लावून किल्ली घेऊन तो गेला कुठे? आग लागलेली असताना दाराला परत कुलूप लावणारा माणूस कोण? आणि पाणी? वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. ते असं करतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही मुली पांगलो. माझं लग्न झालं. अधूनमधून कुणी भेटली की आम्ही हळू आवाजात बोलायचो. आवाज सगळ्यांनी ऐकला होता. अण्णांना पाहिलं कुणीच नव्हतं. आणि गंमत अशी की ते दार उघडताना कुणीच पाहिलं नव्हतं. रांगेत सगळ्यात पुढे होती तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मी कुठे उघडलं? मी नुसती चालत होते."

कौसल्याला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट. पाऊस पडल्यावर ती माणसं गावी परत गेली, पुढे शिंगणापूरलाच स्थिरावली. देवळाच्या रस्त्याला त्यांचं प्रसादाचं दुकान आहे. कित्येक वर्षं भेट नव्हती. मागच्या वर्षी सून दर्शनाला निघाली, तर मीही तिच्या गाडीत बसले. देवासाठी नव्हे, कौसल्यासाठी.

म्हातारी झालीय, दात गेलेत, पण हसणं तेच. तिच्या घराच्या ओसरीवर बसल्यावर मी न राहवून विचारलं, "कौसल्या, तू सगळ्यात शेवटी होतीस. तू तरी दार पाहिलंस का गं?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच वेडगळ बोलतेय.

"दार?" ती म्हणाली. "तितं दार कुटं हुतं, सुमन? नुसती चौकट. मोकळी. आमच्या घरावानी."

  मला स्पष्टीकरण हवं होतं म्हणून मी इतकी वर्षं विचार करतेय आणि हिला प्रश्नच पडलेला नाही. कुणी वाचक याचा उलगडा करू शकत असेल तर जरूर करा. मी वाद घालणार नाही, ऐकून घेईन. 

तेवढ्यात आतून तिची मुलगी आली. आता तीही पन्नाशीची झाली, केस पांढरे व्हायला लागलेत. पदराला हात पुसत चौकटीत उभी राहिली. अण्णांना तिने पाहिलेलं नाही, त्यांच्याबद्दल तिला कुणी फारसं सांगितलेलंही नाही, हे मी नंतर विचारून घेतलं. भाकरी झाली होती, जेवायला बोलवायला आलेली. दोघी म्हाताऱ्या ऐकत नाहीत असं बघून तिने हातातल्या बांगडीने चौकटीवर टकटक केलं.

"चला," ती म्हणाली, "हात धुवा."

कौसल्याने आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि उठलो.